नवऱ्याची सुट्टी गुरुवारी, माझी शनिवार-रविवार. तुमच्या घरी आठवडा कसा जुळवता?

गुरुवारवाली (चिंचवड):

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न थोडा घरगुती आहे पण इथे एमआयडीसीतली बरीच जणं आहेत म्हणून विचारतेय. मिस्टर भोसरीला एका ऑटो पार्टच्या कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) सेक्शनला सुपरवायझर आहेत, म्हणजे सुट्टी गुरुवार. मी पुण्यात सरकारी ऑफिसात, २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी. मुलगा सहावीत, त्याला रविवार. सासूबाई आमच्याकडेच असतात. म्हणजे घरात असा एकही वार नाही की सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे एकत्र आहेत.

बाहेरगावच्या लोकांना नेहमी समजावून सांगावं लागतं की गुरुवार का, तर आमच्या पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांना गुरुवार सुट्टी असते, विजेचा लोड सगळीकडे एकदम पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले होते, कंपनीत त्याला स्टॅगरिंग म्हणतात. आता कंपन्या बंद म्हणून महावितरणची दुरुस्तीची कामंही गुरुवारीच निघतात, त्यामुळे ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात बऱ्याचदा लाईटच नसते. आणि आमच्याकडे २०१९ पासून एक दिवसाआड पाणी, आठवडा सात दिवसांचा असल्यामुळे एका गुरुवारी पाणी असतं आणि पुढच्या गुरुवारी नसतं. पाण्याचा गुरुवार आला की हे टाकी धुणार, गाडी धुणार, सासूबाई गोधड्या काढणार, आणि बिनपाण्याचा आला तर मग तो खरा आरामाचा.

आठवडा कसा जातो ते सांगते. ह्यांची फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा सगळ्यात छान चालतं, पहाटे पावणेसहाला कंपनीची बस, साडेतीनपर्यंत घरी, मुलाला शाळेतून हेच आणतात, मी ऑफिस सव्वासहाला सुटल्यावर मेट्रोनं पिंपरीपर्यंत आणि तिथून रिक्षा, घरी येते तोवर कुकर लागलेला असतो, आठ वाजता सगळे एकत्र जेवायला. सेकंड शिफ्टचा आठवडा मात्र अवघड, हे दुपारी अडीचला जातात आणि रात्री बाराला येतात, मी साडेआठला निघते, म्हणजे नवरा-बायको भेटणार ते सकाळच्या घाईत, डबा भरता भरता, तेव्हा जे बोलायचं ते लाईट बिल आणि शाळेची फी एवढंच बोलून होतं. मुलाला तर आठवडाभर बाबा झोपलेलेच दिसतात, कारण त्याची शाळा सकाळी लवकर भरते, तो उठतो तेव्हा हे झोपेत आणि तो झोपतो तेव्हा हे कंपनीत. नाइटला उलटं, हे सकाळी सव्वासातला येतात आणि तेव्हा आम्ही दोघं गॅलरीत चहा घेतो, पंधराएक मिनिटं असतील, पण मला तो चहा फार आवडतो.

बुधवारी रात्री ह्यांची उद्या सुट्टी म्हणून त्यांना जागायचं असतं, पिक्चर बघायचा असतो, आणि मला गुरुवारी सकाळी ऑफिस. शनिवारी रात्री तेच उलट. रविवारी मी आणि मुलगा बिर्ला गणपतीला जातो नाहीतर माझ्या आईकडे तळेगावला लोकलनं, हे कामावर. लग्नं, बारशी, वास्तुशांत सगळं रविवारी, मी एकटी जाते आणि प्रत्येक ठिकाणी विचारतात, मिस्टर नाही आले का?

आता मुद्दा. ह्यांना हिंजवडीत मेंटेनन्सला एक नोकरी मिळतेय, जनरल शिफ्ट, रविवार पक्का. पगार आत्तापेक्षा थोडा कमी आणि ओव्हरटाइम नाही. शिवाय वाकडचं ट्रॅफिक, म्हणजे सकाळी आठला निघून रात्री आठ. सासूबाई म्हणतात रविवार घे, घर घरासारखं होईल. हे म्हणतात तू सांगशील तसं. मला ठरवता येत नाहीये. ज्यांच्याकडे दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या आहेत त्यांनी सांगा ना, तुम्ही काय करता, आणि कोणी असा बदल केला असेल तर नंतर कसं वाटलं?

सातपूरकर (नाशिक):

ताई, आमच्याकडे सातपूर-अंबडला शनिवार सुट्टी, तुमचा गुरुवार तसा आमचा शनिवार, बाकी गोष्ट सेम टू सेम. मिसेस बँकेत आहे. २०१५ ला बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी झाली ना, त्याआधी आमचं लग्न झाल्यापासून एकही वार जुळत नव्हता, फक्त दिवाळी, दसरा आणि यात्रेची सुट्टी. आता महिन्यातून दोन शनिवार हक्काचे आहेत आणि ते दोन आम्ही इतके जपतो की नातेवाईकांना पण माहीत झालंय, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी ह्यांना बोलवायचं नाही. सकाळी मिसळ, मग कधी सोमेश्वरला धबधब्यावर, कधी त्र्यंबक, कधी नुसतं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन बसतो, पोरगी पाण्यात पाय सोडून बसते. बाकीच्या शनिवारी मी एकटा घरी आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, खरं सांगतो. दळण, गॅस, पोरीच्या सायकलचं पंक्चर, आईला डॉक्टरकडे नेणं हे सगळं त्या शनिवारी उरकतो आणि मिसेसचा रविवार पूर्ण मोकळा ठेवतो. तिचा रविवार मोकळा असला पाहिजे ह्याच्यावर मी ठाम आहे, नाहीतर काय होतं की आठवडाभर बँक आणि रविवारी साचलेली घरकामं, बाईमाणसाला सुट्टी मिळतच नाही.

नोकरीचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, फक्त वार बघून बदलू नका, तास मोजा. आत्ता फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते मुलाला शाळेतून आणतात, संध्याकाळ सगळी घरात. नाइटच्या आठवड्यात सकाळी चहा आणि झोप काढून परत संध्याकाळी घरात. हिंजवडीत आठ ते आठ म्हणजे सोमवार ते शनिवार मुलगा भेटणार तो रात्री पेंगुळलेला. एक रविवार मिळवण्यासाठी सहा संध्याकाळी देताय तुम्ही. शनिवार सुट्टी आहे का तिथे ते पण विचारून घ्या, हिंजवडीत आयटीवाल्यांना दोन दिवस असतात पण मेंटेनन्सवाल्यांना बहुतेक एकच.

नाइटऑफ (कल्याण):

मी मुंबईत स्टाफ नर्स आहे, मिस्टर प्रायव्हेटमध्ये, त्यांना रविवार. माझी सुट्टी ड्युटी लिस्ट लागेल तशी. मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट, नाइट ऑफ. आमच्याकडे आठवडा सोमवारी सुरूच होत नाही, लिस्ट लागली की सुरू होतो. लिस्टचा फोटो काढला की पहिल्यांदा घरच्या ग्रुपवर टाकायचा, मग सासरे त्यांच्या कालनिर्णयवर एम, ई, एन लिहितात आणि त्या हिशोबानं दूधवाल्याला सांगायचं की जास्तीचं दूध कधी.

गुरुवारवाली ताई, तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली ती म्हणजे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलाला बाबा दिसत नाहीत ही. सुट्टीच्या वारापेक्षा मी त्याच्यावर काम करेन. माझ्या इव्हनिंग ड्युटीत माझं तेच व्हायचं, घरी येईपर्यंत रात्रीचे साडेअकरा, मुलगी झोपलेली. आम्ही ठरवलं की इव्हनिंगच्या आठवड्यात मी सकाळी साडेपाचला उठणार, तिची वेणी मीच घालणार आणि बसस्टॉपवर मीच सोडणार, मग परत येऊन दोन तास झोपायचं ते झोपायचं. झोप तुटते, पण वेणी घालताना ती जेवढं बोलते तेवढं रविवारच्या अख्ख्या दिवसात बोलत नाही. शाळेत कोण कोणाशी कट्टी, बाई काय म्हणाल्या, पोटात दुखतंय, सगळं तेव्हाच निघतं. मिस्टरांना सांगून बघा, शाळेत सोडायचं काम सेकंड शिफ्टला त्यांच्याकडे द्या.

आणि लोक रविवार रविवार करतात पण रविवारी मुंबईत काय असतं ते मला माहितीये. मेन लाईनला माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लोवर, सगळ्या गाड्या लेट, लहान पोरांना घेऊन घाटकोपरला उभं राहायचं. राणीच्या बागेत रविवारी मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी, मला मंगळवारी ऑफ मिळाला आणि शाळेला सुट्टी होती तेव्हा आम्ही गेलो तर पेंग्विनच्या काचेपुढे मुलगी हवा तेवढा वेळ उभी राहिली. बुधवारी बाग बंद असते एवढं फक्त लक्षात ठेवायचं. तुमच्याकडेही कात्रजचं झू बुधवारी बंद असतं, गुरुवारी चालू. दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीतले गुरुवार तुमच्या मुलाचे आणि त्याच्या बाबांचे आहेत, ते सोडू नका. तुम्ही एक रजा टाकली की तुमचेही.

गुरुवारवाली:

सातपूरकर दादा, सहा संध्याकाळींचं मी असं मोजलंच नव्हतं, थँक्यू. शनिवारचं विचारलं, सुट्टी नाही, फक्त रविवार. नाइटऑफ ताई, तुमचं वेणीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मुलाला शाळेत सोडायचं ह्यांना आजच सांगते, ते नाही म्हणणार नाहीत, रात्री बाराला येतात म्हणून मीच त्यांना झोपू देत होते.

गिरणगावचा (लालबाग):

मी वयानं मोठा आहे तुम्हा सगळ्यांपेक्षा म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, १९८२ च्या संपापर्यंत. दिवसपाळी, रातपाळी सगळं पाहिलंय घरात. पण रविवारी गिरणीचा भोंगा नाही. अख्ख्या चाळीला सुट्टी एका दिवशी. सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग, दुपारी सगळ्या खोल्यांतून एकच वास, चारला पोरं गल्लीत क्रिकेट खेळायला आणि बाप्ये भजनाला नाहीतर व्यायामशाळेत. गावाकडच्या माणसांची मंडळं होती, त्यांच्या मिटिंगा रविवारी, गावच्या देवळाची वर्गणी, कोणाच्या पोराला कामाला लावायचं, हे सगळं त्या दिवशी ठरायचं. मंडळांच्या नाटकांच्या तालमी रविवारी. गणपतीची तयारी रविवारी. माणसं एका वेळी मोकळी असायची म्हणून हे सगळं उभं राहिलं.

आणि तो रविवार कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक माणूस, जोतीराव फुल्यांचे सहकारी, दीनबंधू पत्र चालवायचे. त्यांनी १८८४ ला मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि तेव्हापासून मागणी लावून धरली की आठवड्याला एक दिवस सुट्टी हवी. त्या काळी गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, बायका-पोरं सुद्धा, आणि आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये रेसकोर्सच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली, त्यात बायकाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली. आपल्याकडे रविवार खंडोबाचा वार, कामगारांना तोच वार आपला वाटला. पुढं १८९७ ला प्लेगच्या दिवसांत लोकांची सेवा करता करता लोखंडे गेले, पन्नाशीही पाहिली नाही.

हे का सांगतोय, तर मला वाटतं सुट्टीत दोन गोष्टी असतात, एक म्हणजे शरीराला विश्रांती आणि दुसरी म्हणजे चार माणसं एका वेळी मोकळी असणं. विश्रांती गुरुवारी पण मिळते, शनिवारी पण मिळते. दुसरी गोष्ट वार वेगळे झाले की हातातून जाते. तुम्ही एकट्या लग्नाला जाता तेव्हा मिस्टर नाही आले का असं विचारतात ते त्यामुळेच, आणि तुम्हाला ते टोचतं हे बरोबरच आहे, त्यात तुमचा हळवेपणा वगैरे काही नाही. माझ्या सुनेला आयटीत घरून काम, मुलगा विमानतळावर शिफ्टला, नातू माझ्याजवळ. एका ताटात जेवायला चौघं बसली असा दिवस आला की मी बायकोला म्हणतो आज काहीतरी गोड कर.

सातपूरकर म्हणतात ते तासांचं गणित पटतं मला. पण भोसरीतच राहायचं असेल तर एक करा. कंपनीत ज्यांची घरची अडचण अशीच आहे अशा दोन-चार जणांनी मिळून एचआरकडे जा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच तरतूद होती की रविवारची सुट्टी बदलून तीन दिवस मागे-पुढे देता येते, म्हणजे वार बदलणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. सगळ्या प्लँटचा वार कोणी बदलणार नाही, पण सुपरवायझर माणसाला महिन्यातून एक रविवार, गुरुवारी भरपाई करून, हे मिळू शकतं. एकट्यानं मागितलं तर उपकार म्हणून देतील आणि पुढच्या महिन्यात विसरतील. चौघांनी मागितलं तर नियम होईल.

मस्कतहून (मूळ सांगली):

वाचतोय कालपासून, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी मस्कतला आहे, इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार झालं पण ओमानमध्ये अजून शुक्रवारच. रविवारी इथे आठवडा सुरू होतो. बायको आणि मुलगी सांगलीत, मुलीची दहावी झाली की बघू असं चाललंय. आपल्या घड्याळापेक्षा इथलं दीड तास मागे, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी सगळे नऊला पोह्याला बसलेले असतात, भाऊ-वहिनी, आई, पोरं, आणि मी तेव्हा साडेसातला साईटवर हेल्मेट घालून. ते व्हिडिओ कॉल लावतात, मी दोन मिनिटं बघतो आणि ठेवतो. माझ्या शुक्रवारी मला दिवसभर वेळ आणि तिकडे मुलगी शाळेत, मग क्लासला.

आम्ही काय केलं तर गुरुवारी रात्री, इथली साडेआठ म्हणजे तिकडचे दहा, हा वेळ पक्का केला. त्या दिवशी मुलगी अभ्यास लवकर उरकते, मी जेवण बनवून बसतो आणि एक तास तिघं बोलतो, तिघंही जेवता जेवता, तिकडे तर ती दोघं माझ्यासाठी उशिरा जेवतात. पाहुणे असोत, लाईट जावो, तो तास मोडायचा नाही. गेल्या महिन्यात तिची परीक्षा होती तरी तिनं पंधरा मिनिटं का होईना पण ठेवली.

ताई, तुमचं माणूस रोज रात्री तुमच्या घरात झोपतंय. मी तुमच्या जागी असतो तर पगार थोडा कमी झाला तरी हरकत नाही म्हणालो असतो, पण ट्रॅफिकमध्ये तास घालवायला हरकत घेतली असती. हिंजवडीच्या ऐवजी पिंपरी-चिंचवडमध्येच रविवारवाली जागा मिळते का ते थांबून बघा, मुलगा सहावीत आहे, वर्षभर थांबायला वेळ आहे. नववी-दहावीला क्लास सुरू झाले की रविवार त्याचाच राहत नाही, हे मी अनुभवानं सांगतो, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं ही खरी.

आणि गिरणगावच्या काकांना नमस्कार. लोखंड्यांचं नाव शाळेत एकदा ऐकलं होतं, आज नीट कळलं.

गुरुवारवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे सेकंड शिफ्टहून आले तेव्हा मी जागी राहिले आणि दोघांनी बसून हा अख्खा धागा वाचला. हिंजवडीला सध्या नाही म्हणायचं ठरलं. ह्यांना गिरणगावच्या काकांचं सगळ्यात पटलं, त्यांच्याच लाईनवर दोघांच्या बायका शाळेत आहेत, एकाची नर्स आहे, त्यांच्याशी हे बोलणार आहेत आणि महिन्याचा एक रविवार मागणार आहेत. सोमवारपासून मुलाला शाळेत हे सोडतायत, मुलगा खूश आहे कारण बाबा गाडीवरून नेतात, मी चालत न्यायचे.

एक प्रश्न राहिला, दादा-काका कोणीही सांगा. रविवार मिळाला आणि त्याबदली गुरुवारी काम केलं तर गुरुवारी प्लँट बंद असणार, मग हे एकटे जाऊन करणार काय? सीएनसी चालू नसतील, ऑपरेटर नसतील.

सातपूरकर:

ताई, बंदच्या दिवशी मेंटेनन्स चालतं ना, ते त्यांना सांगायची गरज नाही पण एचआरला सांगायला उपयोगी पडेल. मशीनचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, कूलंट बदलणं, फिक्श्चर तपासणं, टूल क्रिबचा (हत्यारांच्या स्टोअरचा) स्टॉक मोजणं ही कामं चालू शिफ्टमध्ये नीट होत नाहीत. आमच्याकडे शनिवारी एक सुपरवायझर आणि दोन-तीन माणसं ह्याच कामाला येतात आणि त्यांना पुढच्या आठवड्यात बदली सुट्टी देतात. मिस्टरांना म्हणावं मागणी अशी मांडा की बंदच्या दिवशी जबाबदार माणूस आम्ही देतो, आळीपाळीनं, आणि त्याबदली रविवार घेतो. चौघं असतील तर प्रत्येकाला महिन्यातून एक येतो. फक्त त्या दिवशी महावितरणचं शटडाऊन आहे का ते आधी बघून घ्या आणि तसं असेल तर डीजी (डिझेल जनरेटर) चालवायची परवानगी लेखी घ्या.